टाइमप्लीज

रात्रीचे १०.३८. कन्यारत्न एकदाचं झोपलेलं असतं. मी पाळण्याची दोरी हळूच सोडतो, चवड्यांवर उभा राहतो आणि तोंड पाळण्याकडेच ठेवून उलटा उलटा चालत बेडरूममधून बाहेर पडतो. दाराची बिजागरी कुरकुरते, म्हणून दार पूर्ण लावायचं नाही. दिवाणाजवळच्या फरशीवर पाय द्यायचा नाही, तिथे दाबलं की हंबरणारी एक प्लॅस्टिकची गाय कायम पडलेली असते. हे सगळे अडथळे पार करून सोफ्यावर पोचलो की माझा दिवस सुरू होतो. अकरा वाजता तो संपतो, कारण सकाळी सहाला कन्यारत्न उठतं आणि साडेनऊला स्टँडअप असतो.

म्हणजे हातात उरली बावीस मिनिटं. त्यात खाली पार्किंगमध्ये कुणी बुलेट चालू केली नाही तर.

या बावीस मिनिटांत कोणता गेम खेळावा, हा प्रश्न मी गेलं वर्षभर अगदी इंजिनिअरिंगच्या शिस्तीत सोडवत होतो. मध्यंतरी मला उत्तर सापडलंय असंही वाटलं होतं. ते चुकलं. कसं चुकलं, तेच सांगायचंय.

तर मंडळी, मी जुना गेमवाला. लहानपणी तुळशीबागेतून आणलेल्या ९९९९-इन-वन ब्रिक गेमपासून (ज्यात खरे गेम दहा-बाराच, बाकी तेच वेग वाढवून) ते होस्टेलवर लॅन टाकून पहाटे चारपर्यंत चाललेल्या काउंटर स्ट्राइकपर्यंत सगळं झालेलं. २०२१ मध्ये बीजीएमआय आलं आणि कॉलेजची चार टाळकी पुन्हा एकत्र जमली. एक पुण्यात, एक बंगळुरूत, एक नाशकात, एक थेट डब्लिनला. शुक्रवारी रात्री अकरा ते दोन, हा आमचा कुळाचार. लग्न झालं तरी चालू होता.

लेक झाली आणि तिसऱ्याच आठवड्यात कुळाचार मोडला. शेवटचं वर्तुळ, आम्ही चौघं जिवंत, आणि आतून ट्यांहा! मी फोन उशीवर टाकून पळालो. पंधरा मिनिटांनी परत येऊन बघतो तर माझं पात्र गवतात मरून पडलेलं, बाकीचे तिघंही गेलेले, आणि ग्रुपवर मेसेज : "कुठं मेलास?" त्यांचंही काही चुकलं नव्हतं. समोर शंभर माणसं खेळत असताना एकाचं पोर रडलं म्हणून विमान परत फिरत नाही.

त्या रात्री दूध गरम करता करता मला लहानपणचा एक शब्द आठवला. टाइमप्लीज.

आठवतोय ना? डबा ऐसपैस असो, लगोरी असो की विषामृत, चपलेचा अंगठा तुटला, आईने हाक मारली, शू लागली, की मूठ तोंडाशी नेऊन "टाइमप्लीज!" ओरडायचं. बस्स. राज्य असलेला पोरगा अगदी पाठीला हात लावायच्या बेतात असला तरी त्याला थांबावं लागायचं. हा कायदा कोणी लिहिला माहीत नाही, पण कराडपासून कोथरूडपर्यंत सगळ्या गल्ल्यांत तो पाळला जायचा. खोटी टाइमप्लीज घेणारी कार्टीही असायची, त्यांचं काय करायचं ते गल्ली ठरवायची.

आणि दुसरा शब्द, लिंबूटिंबू. कोणाचं तरी धाकटं भावंडं, ज्याला खेळात घेतल्याशिवाय मोठ्याला घराबाहेर सोडत नसत. ते पळायचं, लपायचं, ओरडायचं, पण आउट व्हायचं नाही. त्याच्यावर राज्य यायचं नाही. मोठ्यांच्या खेळात मोठ्यांपेक्षा जास्त मजा तेच करायचं.

मला हवा असलेला गेम म्हणजे हेच दोन शब्द होते. कधीही टाइमप्लीज घेता आली पाहिजे आणि मी लिंबूटिंबू असलो पाहिजे. दिवसभर ऑफिसात हरायला जागा भरपूर आहेत, रात्री साडेदहाला आणखी एका ठिकाणी जाऊन हरायची माझी तयारी नव्हती.

शोध सुरू झाला. (माझ्या स्वभावाप्रमाणे एक एक्सेल शीट. कॉलम : मध्येच बंद केला तर काय होतं, एका हाताने खेळता येतो का, आवाज बंद ठेवून खेळता येतो का, चार दिवसांनी परत आलो तर काही आठवतं का.)

पहिला घेतला तो अभिमानापोटी. 'राजी : अॅन एन्शंट एपिक' हा गेम आपल्या पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्सने बनवलेला. २०१७ मध्ये लोकवर्गणीतून पैसे उभे करायचा त्यांचा प्रयत्न फसला, तरी नेट लावून २०२० मध्ये त्यांनी तो बाजारात आणला आणि त्या वर्षीच्या गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या गेमसाठी नामांकनही मिळवलं. राजी नावाची मुलगी असुराने पळवलेल्या आपल्या भावाला शोधत निघते. महाल, बावड्या, भिंतींवरची चित्रं, सगळं बघत राहावं असं. पण मारामारीचा गेम तो. दिवसभराच्या कामानंतर राक्षसांच्या घोळक्यात सापडल्यावर माझा घसा कोरडा पडायचा आणि अकरा वाजता झोपेचं खोबरं झालेलं असायचं. शीटमध्ये लिहिलं : उत्तम, पण रविवारी दुपारी.

मग 'मिनी मेट्रो'. न्यूझीलंडमधल्या एका छोट्या कंपनीचा, २०१५ चा गेम. पांढऱ्या पडद्यावर गोल, त्रिकोण, चौकोन म्हणजे स्टेशनं, त्यांना रंगीत रेघांनी जोडत जायचं. त्यात मुंबईचा नकाशा आहे, पुण्याचा नाही. पुणेकर म्हणून मी हा अपमान गिळला. आपली खरी मेट्रो ६ मार्च २०२२ ला वनाज ते गरवारे कॉलेज आणि पिंपरी ते फुगेवाडी अशा दोन तुकड्यांत सुरू झाली आणि स्वारगेटला पोचायला २९ सप्टेंबर २०२४ उजाडला. मिनी मेट्रोत तेच काम बोटाच्या एका रेघेत होतं, रस्त्यावर बॅरिकेड न लावता. स्टेशनवर गर्दी साचली की हरायचा धोका असतो, पण त्यात न हरण्याचाही एक प्रकार आहे : स्टेशनं कितीही तुंबली तरी खेळ चालूच राहतो. लिंबूटिंबू मोड! शीटमध्ये हिरवा रंग.

आणि मग 'स्टारड्यू व्हॅली'. ऑफिसला कंटाळलेला माणूस नोकरी सोडून आजोबांच्या गावी शेती करायला जातो, एवढीच गोष्ट. आयटीतल्या प्रत्येक माणसाचं मुळशीत एक गुंठा घेण्याचं स्वप्न ते हेच. नांगरायचं, पेरायचं, पाणी घालायचं, गावातल्या लोकांशी बोलायचं. गेममधला एक दिवस खऱ्या चौदा-एक मिनिटांचा. बावीस मिनिटांत दीड दिवस शेती होते!

पण त्यात एक गोची आहे. मी सुरुवातीला हा लॅपटॉपवर खेळायचो. तिथे गेम सेव्ह होतो तो फक्त तुमचं पात्र रात्री झोपलं की. दुपारी बारा वाजता टोमॅटोला पाणी घालताना लॅपटॉप बंद करावा लागला, तर तो अख्खा दिवस झालाच नाही. म्हणजे माझ्या घरात होतं तेच! कोणीतरी झोपल्याशिवाय काहीच जमा होत नाही. मग फोनवरची आवृत्ती घेतली. त्यात मध्येच बाहेर पडावं लागलं तरी परत तिथूनच सुरू करता येतं. लेक रडली की फोन खिशात, झोपली की पुन्हा टोमॅटो.

हा गेम एरिक बॅरोन नावाच्या अमेरिकन माणसाने एकट्याने बनवलाय. कोड, चित्रं, संगीत, संवाद, सगळं. सुमारे साडेचार वर्षं लागली. २०१६ मध्ये आला आणि २०२४ अखेरपर्यंत ४ कोटींहून जास्त प्रती खपल्या. हे मी जेवताना बायकोला मोठ्या कौतुकाने सांगत होतो. "एकट्याने! साडेचार वर्षं! विचार कर!"

"आणि घर कोण चालवत होतं?" तिने पोळी वाढता वाढता विचारलं.

मी शोधलं. त्या काळात घराचा भार मुख्यतः त्याच्या जोडीदारिणीने उचलला होता, नोकरी करून.

"बरं," एवढंच म्हणाली ती. तेव्हाच मला कळायला हवं होतं. नाही कळलं.

बायकोही आयटीतलीच. माझ्याच बॅचची, माझ्यापेक्षा चार टक्के जास्त मिळवलेली (हा उल्लेख घरात कायद्याने बंधनकारक आहे). सहा महिन्यांची रजा संपवून ती कामावर परत गेली. आठवड्यातले तीन दिवस दोघंही हिंजवडीत, घरी माझी आई, कराडहून आलेली. आईला माझा खेळ बिलकुल पसंत नव्हता. "अरे, मुलीचा बाप झालास, आणि अजून व्हिडिओ गेम?" मी माझी बावीस मिनिटं समजावून सांगायचो. विश्रांती, ताण, मेंदूची गरज वगैरे वगैरे.

"तुझे बाबा ऑफिसातून आले की पेपर घेऊन बसायचे," आई एकदा म्हणाली. "वाचून झालेला असायचा सकाळीच. पण पेपर समोर असला की त्यांना कोणी हाक मारायचं नाही."

"आणि तू?"

आईने जरा विचार केला. "मी तांदूळ निवडायला घ्यायचे. दुकानातून निवडलेले आणले तरी. ताट मांडीवर असलं की अर्धा तास कोणी उठवत नसे."

मी हसलो. आई हसली नाही. तांदूळ निवडण्याच्या नावाखाली टाइमप्लीज घ्यावी लागते, तेव्हा ते हसण्यासारखं नसतंच, पण हे मला फार उशिरा लक्षात आलं.

भांडण झालं ते एका बुधवारी. भांडण म्हणजे आवाज न वाढवता, कारण लेक झोपलेली. कुजबुजत भांडायची कला ज्यांना मुलं आहेत त्यांनाच ठाऊक. मी सोफ्यावर, गेममध्ये पावसाळा नसून हिवाळा लागलेला, मी निवांत मासे पकडतोय. ती आतून आली, ओट्यावरचं आवरायला लागली. दुधाच्या बाटल्या उकळत ठेवल्या. उद्याचा डबा. पाळणाघराचं... नाही, पाळणाघर नंतर लागलं, तेव्हा आई होती. आईची बीपीची गोळी काढून ठेवली.

"मी करतो ना नंतर," मी म्हणालो, मान न उचलता.

"कधी नंतर? अकराला तू झोपतोस."

"मग तू पण बस ना जरा. कोणी अडवलंय?"

तिने गॅस बारीक केला. "तुझी ती बावीस मिनिटं कुठून येतात माहितीये तुला? हवेतून नाही येत. तू खेळतोस तेव्हा ती उठली तर कोण जातं?"

"मी जातो! म्हणून तर मध्येच बंद करता येणारा गेम..."

"गेल्या महिन्यात किती वेळा गेलास?"

आता बघा, मी डेटावर विश्वास ठेवणारा माणूस. म्हणालो, मोजू. एक आठवडाभर दोघांनीही प्रामाणिकपणे नोंद ठेवली. प्रत्येकाचा असा वेळ, ज्यात कोणीही हाक मारणार नाही. रविवारी बेरीज केली. माझा तीन तास चाळीस मिनिटं. तिचा पंचवीस मिनिटं, त्यातली पंधरा बाथरूममध्ये, नळ सोडून. आणि लेक रात्री एकूण एकोणीस वेळा उठली होती, त्यात मी उठलो चार वेळा. मला खरंच वाटायचं की निम्म्या वेळा मी उठतो. ज्या वेळा मी उठलोच नाही, त्या मला माहीत कुठून असणार?

मी माझ्या समाधानासाठी देशाचे आकडेही काढले. (हरणाऱ्याने मैदान मोठं करावं, ही जुनी युक्ती.) केंद्र सरकारच्या २०२४ च्या टाइम यूज सर्व्हेनुसार सहा वर्षांवरच्या लोकांत, घरकाम करणाऱ्या बायका त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवतात, घरकाम करणारे पुरुष ८८. घरातल्यांची देखभाल करणाऱ्यांत बायकांची १३७ मिनिटं, पुरुषांची ७५. आणि हे जे करतात त्यांच्यातलं. न करणारे पुरुष यात धरलेलेच नाहीत. ती आकडे वाचून म्हणाली, "म्हणजे तू सरासरीतलाच आहेस, अभिनंदन."

पण खरी गोष्ट त्या शीटमध्ये नव्हतीच. नोंदी लिहिताना तिने एका रकान्यात तीन-चार वेळा लिहिलं होतं : "पहाटे ३, ठोकळे." मी विचारलं, हे काय?

तर पहाटे पाजायला उठल्यावर ती एका हाताने फोनवर टेट्रिस खेळायची. तेच आपलं ब्रिक गेममधलं, वरून पडणारे ठोकळे. मला गंमत वाटली. म्हटलं, अगं, मला गेमवरून बोलतेस आणि स्वतः चोरून खेळतेस?

ती गप्प झाली. मग म्हणाली, "मला डोळे मिटले की ओटीचा दिवा दिसायचा. तो गोल, मोठा. आणि ते सगळे एकदम पळत होते ते. ठोकळे लावत बसलं की नाही दिसायचा."

आमची लेक इमर्जन्सी सिझेरियनने झाली. बाळाचे ठोके कमी झाले आणि दहा मिनिटांत तिला आत नेलं. मी बाहेर बाकावर. नंतर सगळं नीट झालं, दोघी सुखरूप, आम्ही पेढे वाटले. माझ्यासाठी ती गोष्ट पेढ्यांपाशी संपली. तिच्यासाठी ती रोज पहाटे तीनला चालू होत होती. किती महिने? आठ. मी त्याच घरात, भिंतीपलीकडे, टोमॅटोला पाणी घालत होतो.

टेट्रिस १९८४ मध्ये मॉस्कोत अलेक्सी पाजित्नोव्हने बनवला हे मला पाठ होतं. हे मात्र मी त्या रात्री पहिल्यांदा वाचलं : २०१७ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या इस्पितळात इमर्जन्सी सिझेरियन झालेल्या ५६ बायकांवरच्या एका प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यांतल्या काहींना शस्त्रक्रियेनंतर सहा तासांच्या आत पंधरा मिनिटं टेट्रिस खेळायला दिला. पुढच्या आठवड्यात, न खेळलेल्यांच्या तुलनेत, त्यांना ते प्रसंग आपोआप डोळ्यांसमोर येण्याचं प्रमाण कमी होतं. कल्पना अशी की आठवणीतलं चित्र पक्कं होत असतानाच मेंदूची चित्रं हाताळणारी यंत्रणा ठोकळे फिरवण्यात गुंतवायची. प्रयोग छोटा होता, एका आठवड्यापुरता होता, आणि आठ महिन्यांनी स्वतःच्या मनाने ठोकळे लावत बसणं म्हणजे तो उपचार नव्हे. तिलाही ते पटलं. पुढच्या आठवड्यात आम्ही तिच्या डॉक्टरांकडे गेलो, त्यांनी एका समुपदेशक बाईंकडे पाठवलं, आणि आता पहाटे तीनचा दिवा जवळजवळ गेलाय. पण हे त्या रात्री नव्हतं. त्या रात्री मला फक्त एवढंच कळलं की माझ्या शीटमध्ये 'मध्येच बंद केला तर काय होतं' असा कॉलम होता, पण 'आपण खेळतोय तेव्हा दुसरं माणूस काय करतंय' असा कॉलम नव्हता.

मग आम्ही ऑफिसातली एक गोष्ट घरी आणली. ऑन-कॉल रोस्टर. प्रॉडक्शनला जसं असतं तसं. मंगळवार, गुरुवार आणि शनिवारी दुपारी ती ऑफ, मी ऑन-कॉल. सोमवार आणि बुधवारी उलट. प्रत्येक वेळी एक तास. ऑफ असलेल्या माणसाने काय करायचं, ते कोणी विचारायचं नाही. गेम खेळा, झोपा, छताकडे बघा. शुक्रवार आणि रविवार दोघांचे.

ऐकायला सोपं वाटतं ना? पहिल्या मंगळवारी तिने बेडरूमचं दार लावलं. सातव्या मिनिटाला मी दारावर टकटक केलं. "अगं, रॅशचं क्रीम कुठंय?" बाराव्या मिनिटाला, "हिची ती दुसरी बाटली?" विसाव्या मिनिटाला मी नुसतं दार ढकलून विचारलं, "हिला आता खिमट द्यायचं की फळ?"

ती पलंगावर बसली होती. तिने शांतपणे फोन खाली ठेवला, मूठ तोंडाशी नेली आणि म्हणाली, "टाइमप्लीज."

मी दार लावून घेतलं. क्रीम पाळण्याखालच्या निळ्या टोपलीत होतं. मुलीच्या जन्मापासून तिथेच होतं.

त्या आठवड्यात मी घराचं डॉक्युमेंटेशन केलं. म्हणजे कागदावर नाही, डोक्यात. बाटल्या, कपडे, औषधं, खिमटात तांदूळ किती आणि मूगडाळ किती, कोणतं गाणं म्हटलं की झोपते आणि कोणतं म्हटलं की उठून बसते. ऑन-कॉल माणसाला सिस्टिम माहीत नसेल आणि तो दर पाच मिनिटांनी आधीच्या माणसाला फोन करत असेल, तर ती शिफ्ट त्याची नव्हेच. हे मी ऑफिसात दोन ज्युनियर पोरांना ऐकवलेलं आहे, चांगलं कडक शब्दांत.

तिने ठोकळे सोडले नाहीत, पण एका शनिवारी माझ्या शीटमधला आणखी एक गेम घेतला. 'अनपॅकिंग'. ब्रिस्बेनच्या एका छोट्या कंपनीचा, २०२१ चा, फोनवर २०२३ मध्ये आलेला. नावाप्रमाणे घर बदलल्यावर खोकी उघडून सामान लावायचं, बस्स. घड्याळ नाही, गुण नाहीत. एक मुलगी, १९९७ ते २०१८ या काळातली तिची आठ बिऱ्हाडं. ती मुलगी कधी दिसत नाही, फक्त तिच्या वस्तू. तिच्या हळूहळू वाढत जाणाऱ्या वस्तूंवरून तिचं आयुष्य कळत जातं. कधीही थांबवा, कधीही परत या. आमच्या दोन्ही अटींत शंभर टक्के बसणारा.

तास संपल्यावर ती बाहेर आली, लेकीला माझ्याकडून घेतलं आणि म्हणाली, "२०१० ला ती बॉयफ्रेंडच्या घरी राहायला जाते. त्याचं सामान सगळीकडे लावलेलं. तिची डिग्री लावायला भिंतीवर जागाच नाही. मी सगळीकडे ठेवून बघितली. शेवटी कुठे ठेवायची माहितीये? पलंगाखाली."

मी म्हटलं, "मग?"

"मग काही नाही. ठेवली."

आमच्या दोघांच्या डिग्र्या एकाच प्लॅस्टिकच्या फाइलमध्ये माळ्यावर आहेत, त्यामुळे त्या बाबतीत तरी मी सुटलो असं मला क्षणभर वाटलं. मग हॉलभर नजर गेली. टेबल माझं, त्यावर माझे दोन मॉनिटर, माझी खुर्ची, कोपऱ्यात माझी गिटार (तीन तारा). ती घरून काम करते ते डायनिंग टेबलवर, आणि जेवायच्या वेळी लॅपटॉप उचलते. तिने हे कधी बोलून दाखवलं नव्हतं. त्या दिवशीही नाही दाखवलं. गिटार मी दुसऱ्या दिवशी भाच्याला दिली आणि त्या कोपऱ्यात तिचं टेबल आलं. फार काही थोर केलं असं नाही. उशिरा केलं.

तर तुम्ही विचाराल, लहान मूल असलेल्यांनी कोणता गेम खेळावा? यादी वर आलीच आहे. स्टारड्यू फोनवर खेळा, मिनी मेट्रो न हरणाऱ्या प्रकारात खेळा, अनपॅकिंग दोघांनीही खेळा, राजी रविवारसाठी ठेवा. मारामारीचे ऑनलाइन गेम मूल शाळेत जाईपर्यंत विसरा, मित्रांच्या शिव्या वाचतील. पण टाइमप्लीज देणारा गेम शोधून माझं काम भागलं असं मला वाटलं होतं, ते काही खरं नव्हतं. गल्लीत टाइमप्लीज चालायची कारण समोरचा थांबायचा. त्याने मान्य केलं नसतं तर मूठ तोंडाशी नेऊन काय उपयोग होता? माझी बावीस मिनिटं आरामाची होती, कारण आत कोणीतरी जागं होतं. आणि खोटी टाइमप्लीज घेणाऱ्या कार्ट्यांत मी इतके महिने होतो, हे मला गल्लीने नाही, बायकोने सांगितलं.

सगळं सुरळीत झालंय असं समजू नका. गेल्या गुरुवारी रिलीज होता, माझी शिफ्ट बुडाली. तिने ती शनिवारवर लावून घेतली, व्याजासकट. आई कराडला परत गेली, पाळणाघर लागलं, रोस्टर पुन्हा मांडावं लागलं. आईला निघताना मी विचारलं होतं, टेट्रिस शिकवू का? म्हणाली, "नको रे बाबा, माझे तांदूळ बरे." आता फोन केला की मी आधी विचारतो, निवडत बसली आहेस का? हो म्हणाली, तर नंतर करतो.

आज शनिवार. दुपारचे सव्वातीन. बेडरूमचं दार बंद आहे. आत ती खेळतेय, झोपलीये की छताकडे बघतेय, मला माहीत नाही. कन्यारत्न माझ्या मांडीवर, हातात हंबरणारी गाय, आणि हे मी एका हाताने टाइप करतोय. माझी शिफ्ट चारला संपते. मधाशी खिमट सांडलं, कपडे बदलले, पुसलं. पुसायचं फडकं कुठे असतं, तेही आता माहीत आहे.

असो. गाय हंबरली. पळतो.